मराठी भाषेचे ऑनलाइन अध्यापन : डिजिटल साधनांची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे वर्ग काही आठवड्यांतच झूम, गूगल मीट आणि व्हॉट्सॲपवर भरू लागले. दूरस्थ शिक्षणाची कल्पना तोवर आपल्याकडे नवीन राहिलेली नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरदर्शनवरील शैक्षणिक कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाले होते, नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले होते, शिक्षणासाठी खास योजलेला एज्युसॅट हा उपग्रह २००४ मध्ये अवकाशात सोडण्यात आला होता आणि 'स्वयम्' हे अभ्यासक्रमांचे राष्ट्रीय व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध झाले होते. तथापि या सर्व व्यवस्थांमध्ये ज्ञानाचा प्रवाह प्रामुख्याने एकाच दिशेने, म्हणजे अध्यापकाकडून विद्यार्थ्याकडे, वाहत होता. इतिहासाचे किंवा अर्थशास्त्राचे व्याख्यान अशा रीतीने पोहोचविता येते. भाषेचे मात्र केवळ व्याख्यान पोहोचवून भागत नाही.

महाविद्यालये पुन्हा सुरू झाली तरी ही साधने वर्गातून गेली नाहीत. २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'च्या माध्यमातून पूर्ण करण्यास मान्यता मिळाली. गृहपाठ, चाचण्या, टिपणे यांची देवाणघेवाणही आता बहुतांश मोबाइलवरूनच होते. त्यामुळे साधने वापरावीत की नाही, हा प्रश्न आता जवळजवळ निकाली निघालेला आहे. भाषेच्या अध्यापकापुढील खरा प्रश्न निराळा आहे. भाषेचा प्रत्यक्ष वापर म्हणजे निर्णयांची एक अखंड मालिका असते. 'न' लिहावा की 'ण', वेलांटी पहिली की दुसरी, 'आम्ही' म्हणावे की 'आपण', बोलीतला शब्द ठेवावा की प्रमाण रूप घ्यावे, हे निर्णय घेता येऊ लागणे म्हणजेच भाषा येऊ लागणे होय. एखादे साधन हे निर्णय विद्यार्थ्याकडून करवून घेते की त्याच्या वतीने स्वतःच घेऊन टाकते, ही त्या साधनाची कसोटी मानली पाहिजे. प्रस्तुत लेखात पदवी स्तरावरील मराठीच्या अध्यापनासंदर्भात, याच कसोटीवर काही प्रचलित साधनांचा विचार करण्यात आला आहे.

कळफलक आणि शुद्धलेखन

मराठीचा विद्यार्थी आज सर्वाधिक लेखन मोबाइलवर करतो. त्यासाठी बहुसंख्य विद्यार्थी रोमन अक्षरांवरून देवनागरी उमटविणारा लिप्यंतर-कळफलक वापरतात. रोमन लिपीत उच्चाराच्या जवळपास जाणारी अक्षरे दाबली की 'पाणी', 'पानी', 'पणी' असे पर्याय वरच्या पट्टीत दिसतात आणि विद्यार्थी पहिल्या पर्यायावर बोट ठेवून पुढे जातो. लेखनाचा वेग वाढतो, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु या क्रियेत 'ण' आणि 'न' यांतील भेद विद्यार्थ्याने केलेला नसतो, तो शब्दसूचीने केलेला असतो. पहिली-दुसरी वेलांटीही सूचीच ठरविते. परीक्षेत हातात पेन आले की तोच विद्यार्थी 'पानी' लिहितो आणि अध्यापकास आश्चर्य वाटते. त्या विद्यार्थ्याने 'पाणी' हा शब्द वर्षभरात शेकडो वेळा पाठविला असेल, लिहिला मात्र क्वचितच असेल.

याउलट इनस्क्रिप्ट कळफलकाची रचना पाहावी. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या या कळफलकात स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. 'न' आणि 'ण' यांच्यासाठी, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ इकारासाठी वेगवेगळ्या कृती कराव्या लागतात. 'ळ' स्वतंत्रपणे शोधावा लागतो. जोडाक्षर टंकित करताना सामान्यतः हलन्ताची कळ दाबावी लागते, त्यामुळे ते कोणत्या व्यंजनांचे संयुक्त रूप आहे हे विद्यार्थ्याच्या बोटांना कळते. आरंभी हा कळफलक संथ व कंटाळवाणा वाटतो, आणि विद्यार्थ्यांची कुरकुर रास्तच असते. तरीही प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात दर आठवड्याला एक परिच्छेद इनस्क्रिप्टवर किंवा मोबाइलवरील देवनागरी अक्षरपटावर, शब्दसूचना बंद ठेवून लिहून घेणे उपयुक्त ठरेल. टंकलेखनाचे कौशल्य हा यातील दुय्यम लाभ आहे. शुद्धलेखनाचा याहून स्वस्त सराव सापडणे कठीण.

शुद्धलेखन-तपासनीस आज्ञावल्यांविषयीही याच अनुषंगाने विचार करावा लागतो. शब्दकोशात नसलेला शब्द अधोरेखित करणे एवढेच काम त्या सामान्यतः करतात. मराठीत केवळ ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलणाऱ्या जोड्या पुष्कळ आहेत : दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी. यांतील दोन्ही रूपे कोशात असल्यामुळे यंत्र मौन पाळते. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये पुरस्कृत केलेल्या नियमांपैकी विद्यार्थ्यांना सर्वांत जड जाणारा नियम म्हणजे सामान्यरूपातील उपान्त्य स्वराचा. 'फूल' पण 'फुलाला', 'मूल' पण 'मुलाला', 'बहीण' पण 'बहिणीला'. हा नियम फळ्यावर लिहून समजावता येतो, पण तो अंगवळणी पडण्यासाठी वाक्ये लिहावी लागतात. गूगल फॉर्मसारख्या साधनात मूळ शब्द व विभक्ती देऊन रूप लिहावयास सांगणे, आणि उत्तर चुकल्यास लगेच नियमाची आठवण करून देणारी ओळ दाखविणे, हे सहज शक्य आहे. साठ वह्या तपासून आठवड्यानंतर परत देण्यापेक्षा हे तत्काळ प्रत्याभरण अधिक परिणामकारक होते, कारण आपण कोणता निर्णय का घेतला हे त्या क्षणी विद्यार्थ्याला आठवत असते.

दिसण्यास एक, संकेतास वेगळे

येथे एका तांत्रिक अडचणीची नोंद करणे आवश्यक आहे. ही अडचण क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यापायी विद्यार्थ्याचे गुण जातात. युनिकोड या प्रमाणित संकेतप्रणालीत 'ॲ' या स्वरासाठी २००८ मध्ये स्वतंत्र संकेत देण्यात आला आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने वर्णमालेतही त्याला स्थान मिळाले. परंतु 'अ' लिहून त्यावर अर्धचंद्र देण्याची जुनी रीतही अनेक कळफलकांवर चालते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात. अशीच गोष्ट 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोडाक्षरांची. 'आचार्यांना' (गुरूंना) आणि 'आचाऱ्यांना' (स्वयंपाक्यांना) यांतील भेद मराठीचे वैशिष्ट्य म्हणून प्रत्येक व्याकरणाच्या तासाला सांगितला जातो. त्यातील अर्धा 'र' मात्र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी उमटविता येतो. दर्या आणि दऱ्या हेही तसेच.

परिणामी, स्वयंचलित गुणांकन असलेल्या चाचणीत अध्यापकाने एका रीतीने टंकित केलेले उत्तर आणि विद्यार्थ्याने दुसऱ्या रीतीने टंकित केलेले तेच उत्तर जुळत नाही व विद्यार्थ्यास शून्य गुण मिळतात. तो तक्रार करतो तेव्हा दोन्ही उत्तरे शेजारी ठेवूनही फरक दिसत नाही. देवनागरी व रोमन अंकांमुळेही हेच घडते. म्हणून एका शब्दाच्या उत्तरांसाठी सर्व संभाव्य लेखनरूपे स्वीकार्य म्हणून आधीच नोंदवावीत, किंवा असे प्रश्न हाताने तपासावेत. शुद्धलेखनाचे गुण तर यंत्राच्या हवाली कधीच करू नयेत.

श्रवण व भाषण

ऑनलाइन वर्गात सर्वाधिक हानी होते ती भाषणकौशल्याची. कॅमेरे बंद, ध्वनी बंद आणि अध्यापक एका निःशब्द पडद्यापुढे बोलत आहे, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. ध्वनी चालू करण्याचा आग्रह धरला तर घरातील गोंगाट, टीव्ही, रस्त्यावरील भोंगे सर्व वर्गात येतात आणि विद्यार्थी संकोचतो. त्यापेक्षा दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून पाठविण्याचा स्वाध्याय पुष्कळ सोयीचा आहे. त्याला डेटा अल्प लागतो, जोडणी तुटली तरी काम अडत नाही आणि घरात एकच मोबाइल असलेला विद्यार्थीही तो सवडीने करू शकतो. मुख्य म्हणजे पाठविण्यापूर्वी तो स्वतःचे बोलणे ऐकतो व बहुधा पुन्हा बोलतो. प्रत्यक्ष वर्गात ही संधी मिळत नाही.

उच्चाराच्या अभ्यासासाठी यंत्राचा आवाज मात्र पुरेसा नाही. मराठीत च, ज, झ यांचे तालव्य व दन्ततालव्य असे दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांत भेद करीत नाही. 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य, यांतील फरक केवळ ऐकून कळतो. 'चार' आणि 'चारा' या शब्दांच्या आद्य अक्षरातील भेदही तसाच. लिखित मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली संदर्भ न समजल्यास चुकीचा उच्चार करते, आणि बोललेले लिहून घेणारी प्रणाली दोन्ही उच्चारांना एकच अक्षर देते, त्यामुळे उच्चार बरोबर होता की नाही हे तिच्याकडून कळू शकत नाही. अमराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. त्याला अध्यापकाने स्वतः मुद्रित केलेल्या शब्दजोड्या ऐकवाव्यात, कोणता शब्द ऐकला ते ओळखावयास सांगावे आणि त्यानंतरच उच्चारावयास लावावे.

गूगलची मराठी ध्वनिटंकन सुविधा २०१७ पासून उपलब्ध आहे. ती प्रमाण मराठीकडे झुकलेली असते. वऱ्हाडीतील 'मले', 'तुले' किंवा मालवणीतील 'माका', 'तुका' अशी रूपे उच्चारली असता ती बहुधा परिचित अशा एखाद्या प्रमाण किंवा हिंदी शब्दात बदलली जातात. साधनाचा हा दोष अध्यापनाच्या दृष्टीने लाभदायकही करून घेता येतो. विद्यार्थ्याने घरातील ज्येष्ठ व्यक्तीची त्यांच्या अनुमतीने एखादी आठवण किंवा कहाणी मुद्रित करावी. ती प्रथम ध्वनिटंकनास ऐकवावी व यंत्राने काय लिहिले ते जतन करावे. नंतर तेच निवेदन जसे बोलले तसे हाताने लिहावे आणि अखेरीस प्रमाण भाषेत उतरवावे. हे तीन पाठ शेजारी ठेवले की बोली म्हणजे 'अशुद्ध' भाषा हा समज दूर करण्यासाठी स्वतंत्र व्याख्यानाची गरज उरत नाही. बोलीला स्वतःचे नियमबद्ध प्रत्यय आहेत आणि यंत्राला ते ठाऊक नाहीत, एवढे विद्यार्थ्यास स्वतःच दिसते. ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थ्याकडे या स्वाध्यायासाठी शहरी विद्यार्थ्यापेक्षा अधिक समृद्ध सामग्री असते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

यंत्रानुवादाचा वर्गातील वापर

गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला. केंद्र शासनाने २०२२ मध्ये आरंभिलेल्या 'भाषिणी' या प्रकल्पातही मराठीसह भारतीय भाषांच्या परस्पर अनुवादाचे काम सुरू आहे. विद्यार्थी यंत्रानुवाद वापरणार, हे गृहीत धरूनच अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेची आखणी करावयास हवी. त्यावर बंदी घालणे व्यवहार्य नाही आणि फारसे शहाणपणाचेही नाही. यंत्राने केलेला अनुवाद विद्यार्थ्याच्या हाती देऊन तो दुरुस्त करावयास सांगणे हा अधिक फलदायी मार्ग आहे.

इंग्रजीतील 'वी' या सर्वनामासाठी मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणारा त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, यावर निवड अवलंबून असते. 'आम्ही उद्या जाऊ' आणि 'आपण उद्या जाऊ' यांतील अंतर मराठी माणसास सांगावे लागत नाही. परंतु एकटे वाक्य हाती असता यंत्राला ते कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून ते एक पर्याय ठोकून देते. 'यू'साठी तू, तुम्ही की आपण, हा प्रश्न तर नात्याचा, वयाचा आणि प्रसंगाचा. डॉक्टर 'आले' की 'आल्या', हाही निर्णय मराठीत क्रियापदालाच घ्यावा लागतो व यंत्राचा कल बहुधा पुल्लिंगाकडे असतो. कर्मणी रचनांचा अतिरेक हा आणखी एक दोष. 'सरकारद्वारे बांधण्यात आलेला पूल' ही रचना यंत्राला प्रिय आहे. मराठी माणूस 'सरकारने बांधलेला पूल' म्हणतो. (हा दोष अलीकडे यंत्राशिवाय लिहिणाऱ्यांतही आढळतो, आणि महाविद्यालयीन परिपत्रके त्याला अपवाद नाहीत.) विद्यार्थ्याने प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिचे कारण एका ओळीत लिहावे. गुण त्या कारणाला द्यावेत.

मुद्रितशोधन व कोशवाङ्मय

मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयातील कार्यपद्धती अध्यापनाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. तेथे जुन्या ग्रंथाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूस व अक्षरओळख प्रणालीने काढलेला मजकूर दुसऱ्या बाजूस असतो. एका व्यक्तीने तो मुळाशी ताडून शुद्ध करावयाचा आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासून प्रमाणित करावयाचा, अशी व्यवस्था आहे. यंत्र ध आणि घ, भ आणि म, ब आणि व अशा सारख्या आकारांच्या अक्षरांत गफलत करते, अनुस्वार गाळते, रफार भलत्याच अक्षरावर देते. या चुका शोधताना विद्यार्थ्यास एकेक अक्षर वाचावे लागते, आणि जुन्या लेखनपद्धतीतील अनुच्चारित अनुस्वार कोठे व का दिले जात, हा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहतो. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयाचा स्वामित्वहक्क संपतो. जोतीराव फुले, हरि नारायण आपटे, राम गणेश गडकरी, साने गुरुजी यांचे साहित्य त्यामुळे अशा कामासाठी मोकळे आहे. संपूर्ण पुस्तक हाती घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने पाच पाने नीट केली तरी पुरे.

मोल्सवर्थचा १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात शोधता येण्याजोग्या रूपात ठेवलेले आहेत. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाते-कर्व्यांचे सर्व खंड नाहीत, तेथील विद्यार्थ्याच्या हातात ते मोबाइलवर येतात, ही गोष्ट सामान्य नव्हे.

अमराठी विद्यार्थ्यांसाठी मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने विकसित केलेला 'मायमराठी' हा उपक्रम पाहण्याजोगा आहे. परकीय भाषा शिकविण्याच्या पायऱ्या मराठीस लावण्याचा हा प्रयत्न आहे. परप्रांतांत व परदेशांत मराठीचे वर्ग चालविणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होण्यासारखा आहे.

मूल्यमापन

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सार्वजनिक झाले आणि घरून लिहून आणलेल्या निबंधाचे पुरावामूल्य झपाट्याने घटले. अशी यंत्रे आज व्याकरणदृष्ट्या बऱ्यापैकी निर्दोष मराठी लिहितात. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या आज्ञावल्यांचे निदान चुकते, त्यामुळे केवळ त्यांच्या आधारे एखाद्या विद्यार्थ्याचे गुण कापणे अन्यायाचे होईल. पूर्ण झालेला निबंध तपासण्यापेक्षा तो कसा घडला ते तपासावे. गूगल डॉक्समध्ये लेखनाच्या पूर्वीच्या आवृत्त्या जतन होतात. कच्चा आराखडा, पहिला खर्डा, सहाध्यायाने केलेल्या सूचना आणि अंतिम पाठ असा प्रवास त्यात पाहता येतो. त्याला तीन-चार मिनिटांच्या तोंडी परीक्षेची जोड द्यावी. 'हे वाक्य येथून काढून तेथे का नेले', एवढा प्रश्नही पुरतो. मोठ्या वर्गात हे सर्वांसाठी शक्य नसते. अशा वेळी प्रत्येक सत्रात वर्गाच्या एका भागाची तोंडी परीक्षा घेऊन तीन वर्षांत प्रत्येकाची पाळी येईल अशी व्यवस्था विभागाला करता येते.

अखेरीस एका दुर्लक्षित विषयाकडे वळणे आवश्यक आहे. अनेक विभागांच्या प्रश्नपत्रिका, टिपणे व पाठ्यसामग्री आजही जुन्या मांडणीतील श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटमध्ये आहे. या फाँटमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसते, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची अर्थहीन रांग असते. असा मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर उघडल्यास विस्कटतो आणि दृष्टिबाधित विद्यार्थी वापरतात त्या एनव्हीडीएसारख्या विनामूल्य वाचनप्रणालीस तो मराठीत वाचताच येत नाही. टिपणांची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर टाकली तरी तेच होते. वर्गातील डोळस विद्यार्थ्याला जी सामग्री मिळते, ती दृष्टिबाधित विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या दयेवर वाचून घ्यावी लागते. अशा फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत. परंतु जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकित होत असे, युनिकोडमध्ये क्रम उलटा आहे. त्यामुळे रूपांतरित मजकुरात नेमक्या याच दोन खुणा वारंवार चुकीच्या जागी जातात. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून त्या दुरुस्त करणे हे काम तृतीय वर्षाच्या मुद्रितशोधनाच्या प्रात्यक्षिकात सहज बसते. त्याचा आरंभ गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांपासून करावा, कारण परीक्षेपूर्वी सर्वाधिक मागणी त्यांनाच असते.